पूर ओसरल्यावर घरात कोणाला, केव्हा आणि कसे कामाला लावावे

पुराचे पाणी घरातून ओसरले की पहिल्या दोन दिवसांतच दारात चार माणसे उभी राहतात. पहिला गाळ काढून देतो म्हणतो, दुसरा वायरिंग तपासून देतो म्हणतो, तिसऱ्याच्या हातात वॉटरप्रूफिंगच्या रसायनाचा डबा असतो आणि चौथा रंगाचे कार्ड उघडूनच बोलायला लागतो. ‘तुमच्या भिंती वाळवून देतो’ असे सांगणारा पाचवा माणूस मात्र येत नाही. आपल्याकडे गाळाला मजूर आहेत, गिलाव्याला गवंडी आहे, रंगाला रंगारी आहे. वाळवणे हे काम मात्र कोणाच्याच दरपत्रकात नसते, आणि पुरानंतर घरावर केलेला खर्च वाया जातो तो बहुधा या एका कामाला कोणी वाली नसल्यामुळे. ज्यांच्यावर हा प्रसंग पहिल्यांदाच आला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आमचे घर सांगलीत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली (तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे), तेव्हा आमच्या तळमजल्यावर साडेचार फूट पाणी आठवडाभर उभे होते. सप्टेंबरात गाळ निघाला, ऑक्टोबरात आम्ही रंगाऱ्याला दिवाळीची मुदत घातली आणि त्याने ती पाळली. संक्रांतीच्या सुमारास हॉलच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला पोपड्यांची एक आडवी रांग उठली. त्यातला एक पोपडा नखाने उचकटला तर आत मिठासारखी पांढरी भुकटी होती, आणि तिच्यामागचा गिलावा बोटाला गार लागत होता. सगळा रंग खरवडावा लागला आणि तेच काम दुसऱ्यांदा पैसे देऊन करावे लागले. रंगाऱ्याचा दोष मी फार मानत नाही, कारण घाई आमची होती. पण ‘भिंत अजून ओली आहे, दोन महिने थांबा’ हे सांगणे त्याच्या धंद्याच्या सोयीचे नव्हते, एवढे तेव्हा लक्षात आले.

पहिली पायरी: पाणी कोणते आणि किती वेळ होते, हे लिहून ठेवा

कोणालाही बोलावण्याआधी दोन गोष्टी नोंदवाव्यात. पाणी कोणत्या प्रकारचे होते ही पहिली. नळाची जोडणी सुटून घरात साचलेले पाणी, वॉशिंग मशीनचे किंवा मोरीचे पाणी आणि गटार व मैला मिसळलेले पुराचे पाणी, या तिन्हींची साफसफाई वेगळी असते. पुराचे पाणी दिसायला कितीही स्वच्छ असले तरी ते मैलापाणीच समजावे. गादी, उशी, लहान मुलांची कापडी खेळणी अशा वस्तू त्यातून निघाल्या तर त्या धुऊन वाचवण्याचा हट्ट धरू नये. स्वच्छ पाण्यात भिजलेली गादीसुद्धा दोन दिवसांत पुरती वाळली नाही तर तिच्यात बुरशी धरते.

दुसरी नोंद काळाची. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी झपाट्याने चढले आणि तुलनेने लवकर उतरले. सांगलीत कृष्णेचे पाणी दिवसच्या दिवस हलत नाही. एक दिवस बुडालेली विटेची भिंत आणि आठ दिवस बुडालेली भिंत वरून सारखी दिसते, पण आत मुरलेल्या पाण्यात मोठा फरक असतो. म्हणून पाणी कोणत्या दिवशी आत आले, कोणत्या दिवशी गेले आणि किती उंचीपर्यंत चढले होते, हे प्रत्येक खोलीतील भिंतीवर खडूने रेघ मारून आणि कागदावर लिहून ठेवावे. वीट पाणी वर ओढते, त्यामुळे प्रत्यक्ष ओल या रेघेच्या वर फूट-दीड फूट गेलेली असू शकते. पुढे येणारा प्रत्येक कारागीर याच रेघेपासून मोजमाप करील.

घर मातीच्या भिंतींचे, जुन्या वाड्यातले किंवा तडे गेलेले असेल, तर बाकी कोणाच्याही आधी स्थापत्य अभियंत्याला बोलवावे आणि त्याने पाहिल्याशिवाय मजूर आत पाठवू नयेत. भिजलेली मातीची भिंत पाणी उतरल्यानंतर, तिचा आधार गेल्यावर, बसते.

दुसरी पायरी: विमा आणि पंचनामा, झाडू हातात घेण्याआधी

साफसफाईच्या उत्साहात लोक भिजलेले सामान रस्त्यावर नेऊन टाकतात आणि नंतर नुकसानीचा पुरावा शोधत बसतात. आधी प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो काढावेत, फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्या मागच्या पट्टीवरील मॉडेल व अनुक्रमांकाचा जवळून फोटो घ्यावा, आणि तलाठ्याकडून किंवा नगरपालिकेच्या पथकाकडून होणाऱ्या पंचनाम्याच्या वेळी घरात स्वतः हजर राहावे. पंचनाम्यात काय लिहिले गेले ते वाचल्याशिवाय सही करू नये.

घराचा विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवून दाव्याचा क्रमांक मागून घ्यावा. अनेकांना आपला विमा आहे हेच ठाऊक नसते. गृहकर्ज घेताना बँकेने घराची पॉलिसी उतरवलेली असू शकते, म्हणून कर्जाची फाइल उघडून पाहावी. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणली आहे. तिच्यात पूर तर येतोच, शिवाय टाकी किंवा पाइप फुटून झालेले नुकसानही येते. इमारतीचा विमा घेतलेला असल्यास घरातील सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, इतके संरक्षण आपोआप मिळते. कारागीर नेमताना उपयोगी पडणारी एक तरतूद तिच्यात आहे: राडारोडा हटवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद किंवा अभियंत्याचे शुल्क ५ टक्क्यांपर्यंत मिळू शकते. याचा व्यवहारातला अर्थ असा की गाळ व राडारोडा उचलणाऱ्याचे बिल गिलाव्याच्या बिलात मिसळू देऊ नये, ते वेगळेच घ्यावे.

विमा कंपनीचा नुकसान पाहणारा सर्वेक्षक येईपर्यंत घर तसेच सडत ठेवायचे, असा मात्र याचा अर्थ नाही. नुकसान वाढू नये म्हणून पाणी काढणे आणि घर वाळवणे हे विमेदाराचेही कर्तव्य मानले जाते. गादी टाकायची असेल तर फोटो काढून टाकावी. फुगलेल्या प्लायवूडचा, गालिच्याचा हातभर तुकडा मात्र पिशवीत नाव घालून ठेवावा. सर्वेक्षकाचे शुल्क विमा कंपनी देते. ते तुमच्याकडे कोणी मागितले तर कंपनीला लेखी कळवावे.

तिसरी पायरी: पहिला माणूस वीजतंत्री

घरात शिरणारा पहिला कारागीर परवानाधारक वीजतंत्री असावा. मीटर आणि त्याच्या मागची तार ही वीज कंपनीची मालमत्ता आहे. तिला खासगी माणसाने हात लावू नये. महावितरणचे ग्राहक असाल तर १९१२ वर तक्रार नोंदवून पुरवठा बंद असल्याची खात्री त्यांच्याकडूनच करून घ्यावी.

बोर्ड उघडून, फडक्याने पुसून आणि हेअर ड्रायर मारून ‘झाले, लावा बटण’ म्हणणारा वीजतंत्री नको. पाण्याखाली गेलेले एमसीबी व आरसीसीबी (धोका होताच वीज आपोआप तोडणारी बटणे), स्विच आणि सॉकेट बदलायचे असतात, वाळवून वापरायचे नसतात, कारण आत बसलेला बारीक गाळ त्यांना ऐन वेळी अडकवतो. भिंतीतील तारा बहुधा वाचतात, पण त्या ज्या पाइपांतून गेलेल्या असतात त्यांत पाणी साचून राहते. त्यासाठी वीजतंत्र्याकडे मेगर, म्हणजे तारांवरचे आवरण वीज गळू देते का हे मोजणारे यंत्र, हवा. सगळी उपकरणे काढून प्रत्येक सर्किटवर ५०० व्होल्टची चाचणी घ्यावी आणि रोध किमान १ मेगओहम आल्याशिवाय ते सर्किट सुरू करू नये. ‘मेगर आहे का?’ हा एक प्रश्न फोनवरच विचारावा; निम्मी निवड तिथेच होते. चाचणीचे आकडे सर्किटनिहाय कागदावर सहीसह घ्यावेत, ते विम्यालाही चालतात आणि महिन्याने पुन्हा चाचणी घेतली तर तुलनेलाही लागतात.

चौथी पायरी: पाणी उपसणारे आणि गाळ काढणारे

गाळ ओला असतानाच काढावा. दोन दिवस ऊन लागले की तो विटेसारखा घट्ट होतो आणि मग फावड्याबरोबर फरशीही उखडते. पण सोसायटीच्या तळघरात पाणी भरले असेल तर तिथे उलट सबुरी लागते. बाहेरची जमीन पाण्याने तुंबलेली असताना तळघर एका दिवसात कोरडे केले तर बाहेरच्या दाबाने भिंत किंवा तळ फुटू शकतो. म्हणून बाहेरचे पाणी उतरल्यावर, टप्प्याटप्प्याने उपसा करणारा ठेकेदार निवडावा. डिझेलचा पंप आत ठेवून फक्त पाइप बाहेर काढणाऱ्याला तर लगेच थांबवावे. पंपाचा धूर बंद जागेत माणसाचा जीव घेतो.

गाळ काढण्याचे काम उक्ते द्यावे की हजेरीवर, हा प्रश्न सर्वांना पडतो. माझ्या मते गाळ उक्ताच द्यावा, मात्र ‘काम पूर्ण’ म्हणजे काय ते आधी ठरवावे: फरशीचे सांधे दिसेपर्यंत धुणे, मोरीचे व नहाणीचे तोंड मोकळे करणे, कपाटांच्या मागचा आणि ओट्याखालचा गाळ काढणे, आणि सगळा राडारोडा नगरपालिकेने नेमलेल्या जागी नेऊन टाकणे. हे शेवटचे कलम बोलीत नसेल तर गाळ तुमच्या दारासमोरच्या गटारात जातो आणि पुढच्या पावसात परत आत येतो. भिंती खरवडणे, सामान हलवणे, वाळवणीची देखरेख ही कामे हजेरीवर घ्यावीत, कारण त्यांत घाई नको असते. गिलावा आणि रंग चौरस फुटावर.

मजुरांना गमबूट आणि जाड रबरी हातमोजे कोण देणार, हे मुकादमाला आधीच विचारावे, आणि तो देणार नसेल तर आपण आणून द्यावेत. मुंबईत २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेला हा जंतू पायाच्या साध्या चिरेतून शिरतो. ज्याच्या पायाला जखम आहे त्याला त्या दिवशी गाळात उतरवू नये. फरशी धुताना ब्लीचिंग पावडर वापरत असतील तर तिच्याबरोबर संडास साफ करण्याचे ॲसिड वापरायचे नाही, हे स्वतः उभे राहून सांगावे. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ‘जास्त स्वच्छ होते’ म्हणून असे मिश्रण करणारे मी पाहिले आहेत.

सेप्टिक टँक भरला असेल तर त्यासाठी नगरपालिकेची किंवा नोंदणीकृत संस्थेची मैला उपसणारी गाडी बोलवावी. ‘आमचा पोरगा उतरून काढेल’ हा प्रस्ताव कितीही स्वस्त वाटला तरी मान्य करू नये. २०१३ च्या कायद्याने असे धोकादायक सफाईचे काम माणसाकडून करून घेण्यास बंदी आहे, आणि टाकीतला वायू पहिल्या मिनिटालाच माणसाला बेशुद्ध करतो.

जमिनीखालच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीत पूर शिरला असेल तर ती पूर्ण रिकामी करून, गाळ उपसून, भिंती घासून, निर्जंतुक करून मगच भरावी. तीही बंद जागाच आहे, म्हणून आत उतरणाऱ्यासाठी हवा खेळती आणि वर एक माणूस उभा हवाच. टाकी पुन्हा भरल्यानंतरचा ब्लीचिंग पावडरचा नेहमीचा डोस १००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम एवढाच असतो. तो मोजूनच घालायला लावावा.

पाचवी पायरी: वाळवणे, म्हणजे ज्याला मालक नाही ते काम

गाळ गेला, फरशी चमकली, की घर आवरल्यासारखे दिसते आणि तिथेच बहुतेकांचे गणित चुकते. ऑगस्टमध्ये हवाच दमट असते, त्यामुळे नुसत्या खिडक्या उघड्या टाकून भिंत वाळत नाही. मोठ्या शहरांत डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारे यंत्र) आणि जमिनीलगत हवा फेकणारे ब्लोअर भाड्याने देणारे व्यावसायिक मिळतात. त्यांना बोलावताना यंत्र दिवसाला किती लिटर पाणी ओढते, टाकी कोण रिकामी करणार आणि भाडे दिवसावर की कामावर, हे विचारून घ्यावे. यंत्र चालू असताना दारे-खिडक्या बंद हव्यात. त्या उघड्या ठेवून डिह्युमिडिफायर लावणे म्हणजे गावभरची हवा वाळवण्याचा खर्च अंगावर घेणे. ऑक्टोबरचे ऊन पडू लागले की मात्र यंत्र परत करावे, खिडक्या उघडाव्यात आणि साध्या पंख्यांवर भागवावे. लहान गावात हे यंत्र मिळाले नाही तर एक खोली बंद करून वातानुकूलन यंत्र ‘ड्राय’वर चालवणे हा मधला मार्ग आहे, अर्थात ते यंत्र आणि त्याचे सर्किट पाण्याखाली गेलेले नसेल तरच. हॅलोजनचे दिवे भिंतीपाशी लावून दोन दिवसांत वाळवून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. त्याने वरची कातडी वाळते, आतली वीट तशीच राहते.

भिंतीला श्वास घेता यावा म्हणून तिच्यावरची बंद कातडी आधी काढावी लागते. ऑइल पेंट, टेक्श्चर, वॉलपेपर, लाकडी किंवा पीव्हीसी पॅनेल आणि भिंतीच्या पायाशी बसवलेली फरशीची पट्टी, हे सगळे रेघेच्या वर फूट-दीड फुटापर्यंत उतरवून घ्यावे. रंगाऱ्याला लवकर बोलवायचेच असेल तर ते या खरवडणीसाठी. नव्या फ्लॅटमध्ये आतून बहुधा जिप्समचा गिलावा असतो. तो पाण्यात राहिला की मऊ पडतो आणि काढावाच लागतो. सिमेंटचा गिलावा पुष्कळदा वाचतो. कोणता काढायचा हे ठरवायला नाण्याने टकटक करून पाहावे. खणखणीत आवाज आला तर गिलावा विटेला धरून आहे, बद्द आला तर सुटला आहे. गवंड्याबरोबर फिरून बद्द वाजणाऱ्या जागांवर खडूने चौकोन काढावेत आणि तेवढ्याच मोजाव्यात. असे केल्याशिवाय ‘सगळाच काढावा लागेल’ हे वाक्य ऐकू येतेच.

वाळले आहे हे कोण ठरवणार? माझ्या मते निवडीचा सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे, आणि तो प्रत्येक ठेकेदाराला मी आता पहिल्या भेटीत विचारतो: ‘भिंत वाळली हे तुम्ही कशावरून सांगता?’ जो भिंतीवर तळहात ठेवून ‘बघा, कोरडी आहे’ म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा. ज्याच्याकडे दोन टोकांचा, ओल मोजणारा मॉइश्चर मीटर आहे त्याच्याशी बोलणे पुढे न्यावे. हे मीटर मुळात लाकडासाठी बनवलेले असतात, त्यामुळे गिलाव्यावर दिसणारा आकडा जसाच्या तसा खरा धरायचा नसतो. वरच्या मजल्यावरच्या, पाणी न लागलेल्या भिंतीवर येणारा आकडा हा आपला मापदंड. दुसऱ्या खेपेला आम्ही हॉलच्या चारही भिंतींवर जमिनीपासून सहा इंच, दोन फूट आणि चार फूट अशा तीन उंचींवर पेन्सिलीने फुल्या केल्या आणि दर रविवारी त्या फुलीशेजारी तारीख व आकडा लिहीत गेलो. पाहुणे आले की त्यांना आधी ती आकडेमोड दिसे. चार फुटांवरच्या फुल्या फेब्रुवारीतच वरच्या मजल्याच्या आकड्याला आल्या, सहा इंचांवरच्या मात्र एप्रिल संपेपर्यंत हटून बसल्या होत्या.

मीटर नसेल तर एक घरगुती चाचणी आहे. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन भिंतीच्या खालच्या भागाला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहावे. आतून दव धरले असेल किंवा खालचा गिलावा काळपट दिसत असेल तर रंगाऱ्याची तारीख पुढे ढकलावी. नऊ इंची विटेची भिंत पुरती वाळायला महिने लागतात.

जो माणूस वाळवणार त्यानेच ‘वाळले’ असा दाखला द्यायचा आणि त्यानेच पुढे वॉटरप्रूफिंगही विकायचे, ही व्यवस्था मला मान्य नाही. शक्य असेल तर मोजणी वेगळ्या अभियंत्याकडून करून घ्यावी, नाहीतर मीटर विकत घेऊन स्वतः करावी. ओल्या भिंतीवर आतून वॉटरप्रूफिंगचा थर दिला की पाणी आत कोंडते आणि वाट काढून वर चढते. पुरात भिजलेल्या भिंतीला त्या रसायनाची बहुधा गरजच नसते. तिला वेळ हवा असतो.

सहावी पायरी: अंदाजपत्रक, इसार आणि बिल

किमान तीन जणांकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे, पण तिघांनाही तुम्हीच बनवलेली एकच कामाची यादी द्यावी. नाहीतर एकाच्या दरात परांची असते, दुसऱ्याच्या दरात राडारोडा नसतो आणि तुलना करायला हातात काही उरत नाही. प्रत्येक कलमापुढे मोजमाप, दर, साहित्याचा ब्रँड व प्रत, आणि साहित्य कोण आणणार हे लिहिलेले असावे. मोजमाप दोघांनी मिळून टेपने घ्यावे आणि दारे-खिडक्यांची वजावट धरली आहे की नाही ते विचारावे, कारण रंगकामात वाद बहुतेक तिथेच होतो. ‘जादा काम निघाले तर बघू’ या वाक्याऐवजी ‘जादा काम लेखी मंजुरीशिवाय नाही’ हे वाक्य लिहून घ्यावे.

संदर्भ मागताना नुकत्याच संपलेल्या कामाचा मागू नये. नवे काम सगळ्यांचेच छान दिसते. ज्या घरावरून निदान एक पावसाळा गेला आहे त्या घराचा पत्ता मागावा, तिथे जावे आणि कपाटामागची भिंत पाहू द्या अशी घरच्या बाईंना विनंती करावी. सांगलीत किंवा चिपळुणात असे घर शोधायला लांब जावे लागत नाही. गल्लीतच पाच जण मागच्या पुराचा अनुभव सांगतात, आणि कोणत्या मिस्त्रीला पुन्हा बोलावणार नाही तेही सांगतात. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आणि आई-वडील गावी, अशा घरांत व्यवहार फोनवर होतो. तिथे गावातल्या एका विश्वासू माणसाला मोजमापाच्या व पैशाच्या प्रत्येक टप्प्याला हजर ठेवावे.

इसार एकूण रकमेच्या पाचव्या भागाहून जास्त देऊ नये. पूर आल्यानंतरच्या आठवड्यांत कारागिरांची ओढाताण असते, एकेक जण दहा घरांचा इसार घेऊन ठेवतो आणि मोठी आगाऊ रक्कम दिलेले घर सर्वांत शेवटी येते, असा अनुभव आहे. साहित्यासाठी पैसे हवेत असे म्हणत असेल तर दुकानातून साहित्य आपणच घेऊन द्यावे. पुढचे हप्ते दिवसांशी न बांधता कामाशी बांधावेत: गिलावा उतरवून राडारोडा गेल्यावर इतके, नवा गिलावा पाणी मारून झाल्यावर इतके. शेवटचे दहा टक्के पुढचा पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्याची अट घालावी. सगळे तयार होत नाहीत, पण जो होतो त्याच्याबद्दल ते बरेच काही सांगते.

‘दहा वर्षांची गॅरंटी’ छापलेल्या कागदावर तीन गोष्टी पाहाव्यात: ती रसायनाची आहे की कामाची, देणारा ठेकेदार आहे की उत्पादक कंपनी, आणि तडा इमारतीच्या हालचालीने गेला तर ती लागू राहते की नाही. बिल जीएसटी क्रमांकाचे घ्यावे. हा क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणी २७ ने सुरू होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नाव दिसते. कच्च्या बिलावर विम्याचा दावा अडकतो, शिवाय पुढे तक्रार करायची झाल्यास हातात काही राहत नाही. काम बिघडले आणि ठेकेदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारीसाठी मुंबई आणि पुणे येथे विमा लोकपालाची कार्यालये आहेत.

सातवी पायरी: सुतार, वाळवीवाला आणि शेवटी रंगारी

सुताराला विचारायचे ते इतकेच की फर्निचर कशाचे आहे. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ फुगले की संपले. साध्या एमआर प्रतीच्या (थोडीच ओल सोसणाऱ्या) प्लायवूडचे थर सुटतात. आयएस ७१० चा शिक्का असलेले, म्हणजे पाण्यात टिकणारे मरीन, प्लायवूड किंवा जुने सागवानी लाकूड सावलीत, सपाट ठेवून वाळवले तर पुष्कळदा कामी येते. स्वयंपाकघरातील ट्रॉल्या बाहेर काढल्याशिवाय त्यांच्यामागची भिंत वाळत नाही, म्हणून सुताराची पहिली फेरी खोलण्यासाठी आणि दुसरी काही महिन्यांनी बसवण्यासाठी, असा दोन भागांचा करार करावा.

वाळवीची प्रक्रिया भिंत वाळल्यावर करावी. त्यासाठी येणाऱ्या संस्थेकडे कीटकनाशक कायद्याखालचा परवाना असतो. तो पाहायला मागावा आणि कोणते औषध किती प्रमाणात वापरले ते बिलावर लिहून घ्यावे.

नवा गिलावा झाला की त्यालाही सात दिवस पाणी मारावे लागते आणि नंतर तो पुन्हा वाळावा लागतो. फुल्यांवरचे आकडे वरच्या मजल्याशी जुळले, प्लॅस्टिकचा चौकोन दुसऱ्या दिवशी कोरडा निघाला, की मग रंगाऱ्याला फोन करावा. पहिल्या वर्षी खालच्या चार-पाच फुटांना चुन्याचा किंवा हवा जाऊ देणारा साधा रंग द्यावा, चकचकीत रंग पुढच्या वर्षी. आमच्या हॉलला त्या वर्षी चुनाच होता, आणि दिवाळीला आलेल्या एका मावशींनी ‘रंग अर्धाच का दिलात?’ असे विचारलेही.

वरच्या मजल्यावरून आलेले पाणी असेल तर

पूर नाही, पण छतातून पाणी टपकते आहे, अशा फ्लॅटमालकाने कारागीर बोलावण्याआधी उगम ठरवून घ्यावा, कारण खर्च कोणाचा हे त्यावर अवलंबून आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक नळाची वा सांडपाण्याच्या पाइपची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. सदनिकेच्या आतील संडास, सिंक यांच्यामुळे होणारी गळती त्या सदनिकाधारकाने. वरच्या न्हाणीघराच्या फरशीवर रंगीत पाणी दोन दिवस साचवून खाली डाग उमटतो का हे पाहण्याची जुनी रीत अजूनही विश्वासाची आहे. ती दोन्ही सदनिकाधारक आणि संस्थेचा सचिव यांच्यासमोर करावी, निष्कर्ष तिघांच्या सह्यांनी लिहावा, आणि दुरुस्ती वरून सुरू करावी. खालच्या छताला आतून लावलेला कोणताही थर पुढच्या पावसात सुटून ताटात पडतो. वरचे काम झाल्यावर तेच रंगीत पाणी पुन्हा दोन दिवस साचवून पाहावे, छताचा डाग वाढला नाही हे खडूच्या रेघेवरून तपासावे आणि मगच वरच्या कारागिराचा शेवटचा हप्ता द्यायला सांगावे.